एकोणीस माणसं घेऊन मोठ्या पार्कला जायचंय, मुक्कामाचं कसं करावं?

मोठी_जाऊ

पोळा झाला, महालक्ष्म्या जेवल्या, आणि आता आमच्या घरात एकच विषय आहे. दिवाळीत भाऊबीजेला ननंद येते, तेव्हा सगळ्यांनी मिळून मोठ्या पार्कला जायचं. पोरांना चार वर्षांपासून कबूल केलंय. दर वर्षी काहीतरी आडवं आलं. एकदा सोंगलेलं सोयाबीन भिजलं, एकदा बोंडअळीनं कापूस खाल्ला, गेल्या साली बाबांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, गुडघ्याचं ऑपरेशन झालं. यंदा तिन्ही भावांनी हो म्हटलंय आणि ठरवायचं काम माझ्याकडं आलंय.

आम्ही घाटंजी तालुक्यातले, गाव पांढरकवड्याच्या अंगाला. माणसं एकोणीस. सासरे ८० वर्षांचे, सासूबाई ७४, त्यांना सगळे मायच म्हणतात. सासऱ्यांची विधवा बहीण आत्या. आम्ही तीन जोड्या, ननंद आणि जवाईबापू. लेकरं आठ, सगळ्यात मोठी पोरगी १७ वर्षांची, सगळ्यात लहान ३ वर्षांचा.

पार्क दोन डोक्यात आहेत, खोपोलीचं इमॅजिका नाहीतर हैदराबादची रामोजी फिल्म सिटी. पण माझा खरा प्रश्न मुक्कामाचा आहे. पार्क दिवसा पाहून होईल, रात्री एकोणीस जणांनी झोपायचं कुठं आणि कसं?

घरच्यांचं म्हणणं, पार्कजवळ स्वयंपाकघरासकट बंगला भाड्यानं घेऊ, सामान घेऊन जाऊ, स्वस्त पडेल. मला ते पटत नाही. आम्ही तिघी जावा घरी रोज पंधरा माणसांच्या भाकरी थापतो. तिथं जाऊनही पहाटे पाचला पोहे भिजवायचे आणि रात्री दहाला भांडी घासायची, तर आम्ही सुटीला गेलो असं कोणत्या तोंडानं म्हणायचं? पण हॉटेलात सात खोल्या घ्यायच्या तर खर्च झेपायला पाहिजे, आणि म्हातारी माणसं एकीकडं, पोरं एकीकडं असं व्हायला नको. ज्यांनी एवढं मोठं कुटुंब नेलंय त्यांनी अनुभव सांगा.

पैनगंगेकाठचा

ताई, तुमच्यासाठी रामोजीच. पांढरकवड्याहून हैदराबाद ४४ नंबरच्या हायवेनं साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास हाय. पाटणबोरी सुटलं, पैनगंगेचा पूल ओलांडला का तेलंगणा लागते. आदिलाबाद, निर्मल, कामारेड्डी, मेडचल असं सरळ जाचं. मेडचलच्या पुढं शहरात घुसू नका, आउटर रिंग रोड धरा अन् पेद्दा अंबरपेटले उतरा. तिथून विजयवाड्याच्या रोडनं फिल्म सिटी जवळच हाय. पहाटे चारले निंगालं तं दुपारच्या जेवणाले पोचता.

खोपोली तुमाले सातशेच्या वर पडते. समृद्धी पुरी झाली जून २०२५ मंधी, रोडचं काई सांगाचं काम नाई. पण ८० वर्षांच्या माणसाले ऑपरेशनच्या गुडघ्यासंगं एका दिवसात सातशे किलोमीटर बसवून नेऊ नका.

शाळामास्तर

आधी पार्कचं थोडं सांगतो, कारण मुक्कामाची जागा त्यावरच ठरते.

इमॅजिका २०१३ साली सुरू झालं. ते मुख्यतः राइड्सचं पार्क आहे, शेजारी वॉटर पार्कही आहे. तुमच्या मोठ्या मुलांना तेच आवडेल. पार्कला लागूनच नोव्होटेल आहे, २८७ खोल्यांचं. आवारातच असल्यामुळं थकलेल्या माणसाला दुपारी खोलीवर परत नेता येतं, ही त्याची मोठी सोय.

रामोजी फिल्म सिटी १९९६ सालची. पसारा दोन हजार एकरांच्या घरातला, त्यामुळं बसमध्ये बसवून फिरवतात. सिनेमांचे सेट, बागा, पक्षी, खेळ असं बघायचं जास्त आणि पोटात गोळा आणणारं कमी. मुक्कामाला आतच वेगवेगळ्या ऐपतीची हॉटेलं आहेत. सितारा वरच्या दर्जाचं, तारा मधलं, शांतिनिकेतन कमी खर्चाचं, आणि वसुंधरा व्हिलात गटानं राहता येतं. दर हंगामानुसार बदलतात, म्हणून आकडे इथं देत नाही. एकाच आवारात तीन-चार प्रकारची हॉटेलं असणं मोठ्या कुटुंबाला फार उपयोगाचं. आईवडिलांना चांगली खोली आणि तरण्या पोरांना साधी, असं करता येतं.

वंडरलाबद्दलही कोणीतरी सांगेलच. हैदराबादचं वंडरला २०१६ मध्ये रिंग रोडला लागून सुरू झालं. पण ज्या वंडरला रिसॉर्टचे फोटो आपण बघतो ते बंगळूरजवळ बिडदीच्या पार्कचं आहे. नावावरून घोळ होऊ देऊ नका.

संत्राबाग

बंगलाच घ्या. आम्ही बारा जण गेलो होतो, अंगणात शेकोटी, गाणी, लय मजा आली. हॉटेलात दार लावलं की ज्याचा तो.

मोठी_जाऊ

@संत्राबाग दादा, स्वयंपाक कोणी केला?

संत्राबाग

घरच्याच बायांनी. पण सगळ्यांनी मिळून केला, हसतखेळत.

वर्धेची_लेक

मोठ्या जाऊबाई, तुमचा प्रश्न मला फार आतून कळला. मी माझा अनुभव लिहिते. थोडं लांबेल.

दोन वर्षांपूर्वी आम्ही माहेरचे सोळा जण घाटावरच्या एका रिसॉर्टला गेलो होतो. नाव घेत नाही. फोनवर सहा खोल्या सांगितल्या, पैसे भरले, फोटो पाहिले, हिरवळ, झोपाळा, सगळं होतं. पोचलो तेव्हा संध्याकाळचे सात झाले होते. सहा खोल्या तीन वेगवेगळ्या इमारतींत निघाल्या. माझ्या वडिलांची खोली तिसऱ्या मजल्यावर, आणि त्या इमारतीला लिफ्टच नाही. काउंटरवरचा पोरगा म्हणाला, "तुम्ही तळमजला पाहिजे असं सांगितलं नव्हतं." खरं होतं, सांगितलं नव्हतं. आम्हाला वाटलं, एवढी म्हातारी माणसं आहेत म्हटल्यावर त्यांना कळेल.

वडील दुसऱ्या मजल्याच्या वळणावर बसले. मांडीवर औषधाची पिशवी, हात कठड्याला. मला म्हणाले, "तू जा बाई पुढं, मी आलोच." पंधरा मिनिटं ते तिथं बसून होते. दुसऱ्या दिवशी ते पार्कात आलेच नाहीत. खोलीत टीव्ही लावून बसले, आणि त्यांच्यासोबत आई. मग आम्हाला तरी पार्कात कसं रमणार? दर तासाला कोणीतरी फोन करत होतं, जेवले का, गोळी घेतली का.

म्हणून सांगते. पैसे भरायच्या आधी चार गोष्टी लिहून मागा, फोनवरच्या बोलण्यावर राहू नका. खोल्या एकाच इमारतीत, एकाच मजल्यावर देणार का. वडीलधाऱ्यांची खोली तळमजल्यावर की लिफ्टच्या दाराजवळ. खोलीपासून जेवणघर किती पायऱ्या, किती अंतर. आणि दोन खोल्यांच्या मध्ये दार असलेली, आतून जोडलेली जोडी मिळेल का. शेजारच्या खोल्या आणि आतून जोडलेल्या खोल्या यांत फरक आहे. शेजारच्या खोलीतून रात्री लेकरू रडलं तर आईला बाहेरच्या गल्लीत यावं लागतं. जोडलेल्या खोलीत मधलं दार उघडं ठेवलं की आजी-आजोबा आणि नातवंडं एकाच घरात झोपल्यासारखी होतात. अशा जोड्या थोड्याच असतात, त्यामुळं त्या पहिल्यांदा बुक होतात.

व्हॉट्सअॅपवर लिहून घेतलं तरी चालतं. आम्ही पुढच्या वेळी तसंच केलं आणि काउंटरवर मोबाईल पुढं धरला, तर पाच मिनिटांत खोली बदलून दिली.

डोंगरगावची_काकू

माया नातवानं हा धागा वाचून दाखवला. मी बोलतो, तो लिवून रायला.

पोरी, तुया सासूले अन् आत्याले एक इचार, प्रवासात पानी किती पेता. बुढ्या बाया गाडीत बसल्या का पानीच पेत नाईत. लघवीले कुठी जाचं, कोनाले सांगाचं, गाडी कोन थांबवन, म्हनून. माह्या जावेले असंच चक्कर आली होती पंढरपूरच्या वाटेवर. म्हनून गाडी दर दोन घंट्यानं थांबवाची, कोनी म्हनो का न म्हनो. बाई मानसानंच सांगाचं डायव्हरले, म्हातारीवर सोडाचं नाई.

खोलीत गेल्यावर पैले न्हानी पाहाची. खुर्चीचं संडास हाय का, धराले दांडी हाय का, फरशी घसरते का. हाटेलातल्या फरश्या आरशासारख्या गुळगुळीत असतात. घरून रबराची चटई अन् प्लास्टिकचा पाट नेजा. त्या उभ्यानं न्हाचं फवाऱ्याखाली, ते आमाले जमत नाई. बालटी अन् मग मागून घेजा, देतात.

आखरी गोष्ट, गादी. लय नरम गादीवर मही कंबर धरते. खाली अंथरूण टाकून मागाचं, त्याची लाज नाई.

मोठी_जाऊ

काकू, तुमचं पाण्याचं वाचून मी मायला विचारलं. त्या आधी काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "हो, शेगावला जातानी मी नाईच पेत." इतकी वर्षं त्यांच्यासोबत शेगावला जाते, मला हे माहीत नव्हतं. तुमचे उपकार आहेत.

एसटीवाला_भाऊ

गाडीबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. एकोणीस माणसांना १७ सीटची ट्रॅव्हलर पुरत नाही. लहान लेकरं मांडीवर घेऊ म्हणतात, पण साडेतीनशे किलोमीटर मांडीवर होत नाही. २० किंवा २६ सीटची गाडी बघा. पिवळ्या पाटीचीच घ्या आणि ऑल इंडिया टूरिस्ट परमिट आहे का ते स्वतः कागद पाहून घ्या. ओळखीतला माणूस पांढऱ्या पाटीची गाडी स्वस्तात देतो. पैसे घेऊन खाजगी गाडी चालवणं कायद्यात बसत नाही, आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते. एवढं कुटुंब एका गाडीत आहे, तिथं दोन हजार वाचवू नका. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात जाणार असाल तर एसटीची प्रासंगिक कराराची बसही मिळते, डेपोत विचारा.

ड्रायव्हरच्या झोपायचंही बघा. रिसॉर्टवाल्यांना विचारा त्यांची सोय आहे का. तो रात्री गाडीत डास मारत बसला, तर दुसऱ्या दिवशी तुमची एकोणीस माणसं त्याच्या हातात आहेत.

हिशेबनीस_वाशिम

बंगला स्वस्त पडतो म्हणणाऱ्यांनी जीएसटी धरला नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून हॉटेलच्या खोलीचं एका दिवसाचं भाडं ७,५०० रुपयांपर्यंत असेल तर ५ टक्के कर, त्यावर गेलं की १८ टक्के. आधी खालच्या टप्प्याला १२ टक्के होता. आता समजा, सात खोल्या ४,५०० रुपयांच्या घेतल्या. भाडं ३१,५००, कर १,५७५. आणि पूर्ण बंगला एकच जागा म्हणून ३०,००० ला घेतला, पक्कं बिल घेतलं, तर कर ५,४००. म्हणजे खोल्यांचे ३३,०७५ आणि बंगल्याचे ३५,४००. खोल्यांत बहुतेक ठिकाणी सकाळचा नाश्ता धरलेला असतो. बंगल्यात गॅस, किराणा, आचारी, साफसफाई वेगळी, आणि अनामत रक्कम वेगळी.

उलटही होतं. खोली ८,००० ची असेल तर मालकाला विचारा, नाश्त्याशिवाय ७,५०० च्या आत बसते का.

मुलांचं वय विचारून घ्या. ५ वर्षांखालचं लेकरू बऱ्याच ठिकाणी फुकट, १२ च्या वरचं मोठ्या माणसात धरतात. मधल्या वयाला जादा गादीचे पैसे. काही जागी जादा गादीचे पैसे इतके असतात की दोन गाद्यांऐवजी एक खोलीच परवडते. प्रत्येक खोलीमागे जास्तीत जास्त किती माणसं चालतात तेही विचारा. तीन म्हणाले की तीनच, मागून दोन पोरं आत घालू असं मनात धरून जाऊ नका.

पैनगंगेकाठचा

एवढ्या खोल्या कायले पाह्यजे? मोठा हॉल घ्या, गाद्या टाका. शेगावले झोपत नाई का आपन? बाया एकीकडं, मानसं एकीकडं. भक्तनिवासासारखी स्वच्छता असली का झालं.

मोठी_जाऊ

दादा, शेगावच्या भक्तनिवासाचं नाव काढलं की माझाही हात जुळतो. तशी स्वच्छता आणि तेवढ्या कमी पैशात, मी दुसरीकडं कुठं पाहिली नाही. पण तिथं आपण दर्शनाला जातो. मन दुसरीकडं असतं, रात्र निघून जाते. इथं तीन दिवस राहायचंय, आणि जवाईबापू सोबत आहेत. लग्नाला बारा वर्षं झाली, तरी ते सासरी आले की माय आजही डोक्यावर पदर घेतात. त्यांना हॉलमध्ये आमच्या दिरांच्या रांगेत झोपवलं तर ते काही बोलणार नाहीत, पण ननंदेला लागेल. तिला वर्षातून दोनदा माहेर मिळतं. तिला तिच्या नवऱ्या-लेकरांसोबत एक वेगळी खोली मिळायलाच पाहिजे, बाकी आम्ही कसेही झोपू.

वर्धेची_लेक

अगदी बरोबर. एक खोली मात्र मुद्दाम मोठी घ्या, जिच्यात रात्री सगळे बसू शकतील. आम्ही ते चुकलो. जेवणं झाल्यावर सोळा माणसांना बसायला जागाच नव्हती, मग सगळे आपापल्या खोलीत मोबाईल बघत पडले. मोठा व्हरांडा किंवा खोल्यांसमोर लॉन असलं तरी चालतं.

रिधोरा_पाटील

बंगला पूर्ण रद्द करू नका. आमच्या घरचे २२ जण गेले होते. तिथं राखणदार होता, त्याची बायको स्वयंपाक करून देत होती, ताटाप्रमाणे पैसे. आमच्या बायकांनी तीन दिवस पळी हातात धरली नाही. फक्त हे आधी ठरवा, आणि किती ताटं, शाकाहारी किती, ते एक दिवस आधी सांगा.

मोठी_जाऊ

पाटील दादा, हे मला पटलं. आचारी मिळणार असेल तर बंगल्याला माझा विरोध नाही. माझ्या धाकट्या जावेला लग्नाला सहा वर्षं झाली, ती अजून एकदाही दुसऱ्याच्या हातचं सकाळचं खाऊन गाडीत बसलेली नाही. मला तेवढंच बघायचंय.

शाळामास्तर

तारखांबद्दल लिहायचं राहिलं. भाऊबीजेनंतरचे तीन-चार दिवस सगळीकडं गर्दीचे असतात, महाराष्ट्रातली आणि गुजरातमधली सुटीची गर्दी एकदम उतरते. तुम्हाला सुटीच्या शेवटच्या आठवड्यातला मंगळवार ते गुरुवार मिळाला तर खोल्याही मिळतील आणि भाडंही उतरेल. शनिवार-रविवार टाळाच.

खरं तर विदर्भातल्या मुलांसाठी सगळ्यात चांगले दिवस जूनच्या मध्याचे. उन्हामुळं आपल्या शाळा राज्यातल्या बाकी शाळांपेक्षा उशिरा उघडतात, आणि तेलंगणाच्या शाळा १२ जूनच्या सुमारास भरतात. त्या आठवड्यात पार्क ओसरलेले असतात.

मोठी_जाऊ

सर, १५ जूनला आमच्याकडचा माणूस पेरणी सोडून कुठं जाणार नाही. पावसाकडं बघत बसलेले असतात सगळे. दिवाळीचंच ठीक आहे. तेव्हाही कापसाची पहिली वेचणी असते, सीतादही म्हणजे वेचणीची पूजा करून दोन-तीन दिवस मोकळे काढावे लागतील. गुरांना गडी आहे, आणि माझा भाऊ येऊन राहतो म्हणाला.

वणीची_अनघा

पोरांसाठी एक. घरून निघायच्या आधी सगळ्यांची उंची मोजा. मोठ्या राइड्सना उंचीची पट्टी असते, एक बोट कमी भरलं तरी सोडत नाहीत. आमचा नऊ वर्षांचा भाचा दीड तास रांगेत उभा राहून परत फिरला, इतका रडला की सगळ्यांचा दिवस गेला. पार्कच्या वेबसाइटवर राइडनिहाय उंची दिलेली असते.

वॉटर पार्कला जाणार असाल तर कपड्यांचं बघा. सुती कपडे, साडी, सलवार-ओढणी घालून पाण्याच्या घसरगुंडीवर सोडत नाहीत, नायलॉनचाच पोशाख लागतो. तिथं भाड्यानं मिळतो, पण मापाचा मिळेलच असं नाही. आमच्याकडच्या बायका हे आयत्या वेळी कळल्यावर काठावर बसून राहिल्या. आधी सांगितलं असतं तर पूर्ण बाह्यांचे आणि पूर्ण पायांचे पोशाख घेऊन गेल्या असत्या, यवतमाळ-नागपुरात मिळतात.

मोठी_जाऊ

अनघा, उंची मोजली. स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर खडूनं आठ रेघा मारल्या, प्रत्येकीपुढं नाव लिहिलं. माझा मधला पोरगा टाचा वर करून उभा होता, आत्यानं पायावर हात ठेवून टाच खाली दाबली. तो आता रोज सकाळी चौकटीला पाठ लावून बघतोय वाढलो का.

ठरलं ते लिहिते. रामोजी. मंगळवारी पहाटे निघायचं, दोन रात्री, गुरुवारी परत. २६ सीटची गाडी, पिवळी पाटी, परमिटचा कागद मोठ्या दिरांनी स्वतः पाहिला. खोल्या सात, फिल्म सिटीच्या आतच. फोनवर बोलून मग सगळं लिहून घेतलं: सातही एकाच मजल्यावर, तळमजला मिळत नसेल तर तीन लिफ्टजवळ, दोन जोडलेल्या, बालटी-मग, दोन जादा गाद्या खाली घालायला. खर्च तिन्ही भावांत सारखा नाही वाटला. बाबांच्या आणि मायच्या खोलीचे पैसे धाकट्यानं हट्टानं एकट्यानं घेतले, आणि ननंदेच्या खोलीचे आम्ही जावांनी आमच्या बचत गटाच्या पैशातून भरले. भाऊबीजेची ओवाळणी उलट्या बाजूनं.

डोंगरगावची_काकू

लय चांगलं केलं पोरी. चटई इसरू नको.

पैनगंगेकाठचा

जाऊन आल्यावर लिवा ताई. आमालेही पुढच्या साली जाचं हाय, आमी तेवीस हावो.

मोठी_जाऊ

परवा रात्री परत आलो. पैनगंगेकाठच्या दादांनी सांगितलं होतं म्हणून सविस्तर लिहिते.

गाडी दर दोन तासांनी थांबवली. निर्मलच्या पुढं एका ढाब्यावर मी मायचा हात धरून त्यांना मागं घेऊन गेले, त्या परत येऊन आपणहून तांब्याभर पाणी प्याल्या. माझ्यासाठी सगळी सहल तिथंच सार्थकी लागली.

खोल्या लिहून दिल्याप्रमाणे मिळाल्या, फक्त एक पलीकडच्या टोकाला निघाली. ती आम्ही जवाईबापूंना दिली, त्यांना आणि ननंदेला तीच आवडली. बाकीची वाटणी अशी केली. माय, आत्या आणि १७ वर्षांची पोरगी एका खोलीत, पोरगी अशासाठी की रात्री बत्ती लावायची, गिझर, दाराचं कार्ड हे सगळं तिला कळतं. मधलं दार उघडून पलीकडच्या खोलीत बाबा आणि दोन मोठे नातू. बाबा पहाटे चारला उठतात, नातवांची झोप मोडू नये म्हणून त्यांनी खुर्ची व्हरांड्यात नेऊन ठेवली होती. आम्ही तिन्ही जोड्या आणि लहान लेकरं बाकीच्या चार खोल्यांत, पण खरं तर लेकरं रात्री कुठं झोपतील ते त्यांनीच ठरवलं. पहिल्या रात्री मायच्या खोलीत खाली घातलेल्या गादीवर पाच जण होते.

सकाळी साडेसातला खाली नाश्त्याला गेलो. इडली, उपमा, पुरी, सगळं मांडून ठेवलेलं. धाकटी जाऊ सवयीनं उठून सगळ्यांना वाढायला लागली. बाबांनी तिला हाक मारली, "बस बाई. आज तू बस." ती बसली. तिच्यासाठी ताट बाबांनी घेऊन आणलं, गुडघा सांभाळत, दोन हातांनी धरून. त्यात सांबार थोडं सांडलं होतं. तिनं ते तसंच खाल्लं, आणि आम्ही दोघी जावा बराच वेळ तिच्याकडं बघितलं नाही.

पोरांना राइड्स कमी पडल्या, हे खरं आहे. मोठी दोघं म्हणतात इमॅजिका राहिलंच. बाहुबलीच्या सेटपाशी मात्र सगळ्यांनी फोटो काढले. बाबांना बस आवडली, चालावं लागत नाही म्हणून. दुपारच्या उन्हात दोन ते चार आम्ही म्हाताऱ्यांना खोलीवर नेऊन झोपवलं आणि चार वाजता परत आणलं. मुक्काम आत होता म्हणूनच हे जमलं. बाहेर शहरात स्वस्त हॉटेल घेतलं असतं तर बाबा-मायनी दिवस बाकावर बसून काढला असता.

काय चुकलं तेही सांगते. रात्रीच्या जेवणाचं आधी सांगितलं नव्हतं. पहिल्या दिवशी एकोणीस माणसांना एकदम टेबल मिळालं नाही, पाऊण तास उभं राहावं लागलं, लहान लेकरू झोपून गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळीच जाऊन सांगितलं, तर पाच टेबलं जोडून ठेवली. सोबत नेलेली शेंगदाण्याची चटणी आणि दशम्या त्या पाऊण तासात कामी आल्या. आणि ड्रायव्हरच्या झोपण्याची सोय आत नव्हती, त्याला बाहेर लॉजवर खोली करून द्यावी लागली. तो खर्च आम्ही धरला नव्हता.

रबराची चटई दोन्ही न्हाण्यांत टाकली होती, काकू. परत येताना आत्यानं ती स्वतः पुसून, गुंडाळून पिशवीत घातली.

दादा, तेवीस माणसांना आठ-नऊ खोल्या लागतील. जोडलेल्या दोन जोड्या आधी विचारा आणि बाकीच्या त्यांच्या भोवती मागा. लिहून घेतलेला मजकूर तुम्हाला पाठवते, त्यात फक्त माणसांचा आकडा आणि तारीख बदला.